घोडनदीचा पाट कोणी खणला?

(अभ्यासपाठ. मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. मध्येच थांबून बोललात तरी चालेल.)



मागे एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी लेकीचं शाळेचं पुस्तक आणलं होतं. त्यात एक वाक्य होतं, "मानवी संस्कृती नद्यांच्या काठी विकसित झाली." ताई म्हणाल्या, "पोरगी हे पाठ करतीय, पण झालं काय ते तिलाबी कळंना नि मलाबी. नदीकाठी राहिलं की माणूस आपोआप शहाणा होतो का?" सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र चांगला होता, म्हणून हा पाठ लिहिला.

आधी थोडं लांबचं बघू, मग आपल्याकडे येऊ.

इजिप्त देशात पाऊस जवळजवळ नाहीच. तिथे नाईल नदीला दरवर्षी पूर यायचा आणि ओसरताना काळा गाळ मागे ठेवून जायचा. त्या गाळात लोक पेरायचे. पूर कमी आला तर उपासमार, जास्त आला तर घरं वाहून जायची. म्हणून तिथल्या राज्यकर्त्यांनी नदीकाठी दगडावर खुणा कोरल्या आणि दरवर्षी पाणी किती चढलं ते मोजायला लागले. पाणी किती चढलं यावरून पीक किती येणार ते कळायचं आणि पीक किती येणार यावरून सारा ठरायचा. म्हणजे नदीचं पाणी मोजणं आणि लोकांकडून वसूल करणं ही दोन्ही कामं पहिल्यापासून एकाच हातात गेली.

आजच्या इराक देशात टायग्रिस आणि युफ्रेटिस अशा दोन नद्या आहेत. तिथे लोकांनी पाट काढले, भरपूर गहू पिकवला, मोठी शहरं उभी केली. पण उन्हाचा देश, सपाट जमीन, पाण्याला निचरा नाही. पाणी उडून जायचं आणि मीठ वर यायचं. अभ्यासक सांगतात की दक्षिणेकडच्या भागात हळूहळू गहू कमी होत गेला आणि त्याची जागा जवाने घेतली, कारण जव खारट जमिनीत जरा तग धरतो. ज्या मैत्रिणी सांगली-कोल्हापूर भागातल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको. पांढरी पडलेली, क्षारपड जमीन त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. आपल्याकडे नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटलं, आणि पुढच्या काही दशकांतच तिथली काही जमीन पाणथळ आणि क्षारपड व्हायला लागली होती. पाणी कमी पडल्याने जमीन जाते हे आपल्याला ठाऊक असतं. जास्त झाल्यानेही जाते, हे जमीन गेल्यावर कळतं.

सिंधू नदीकाठच्या मोहेंजोदडोचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे विटांनी बांधलेल्या विहिरी होत्या, एक-दोन नाही तर शेकडो. इतकी मोठी नदी शेजारी असून शहरभर विहिरी. हे मला फार आवडतं, कारण घागर डोक्यावर घेऊन नदीपर्यंत जाणं म्हणजे काय, हे त्या शहरात कुणीतरी मनावर घेतलं होतं असं वाटतं.

आता आपल्याकडे.

इनामगाव

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. घोडनदी पुढे भीमेला मिळते. या गावाजवळच्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यातले मुख्य अभ्यासक. जमिनीखाली एक आख्खं खेडं निघालं. शंभराहून जास्त घरांच्या खुणा, चुली, पाटे-वरवंटे, रंगवलेली मडकी, जळून काळे पडलेले धान्याचे दाणे.

हे खेडं वसलं ते सुमारे ३६०० वर्षांपूर्वी. विठ्ठलाचं मंदिर नाही, शिवाजी महाराज नाहीत, सम्राट अशोकसुद्धा अजून सुमारे तेराशे वर्षं पुढे आहे. लोखंड माहीत नव्हतं. तांबं होतं, पण थोडं. बाकी कामं दगडाच्या पात्यांनी आणि लाकडाने.

हे एकच गाव नव्हे. त्या काळातली आपल्याकडची गावं कुठे कुठे सापडली ते बघा. संगमनेरजवळ जोर्वे, प्रवरेच्या काठी. (याच गावाच्या नावावरून त्या काळच्या लोकांना अभ्यासक 'जोर्वे संस्कृती'चे लोक म्हणतात.) नेवासे आणि दायमाबाद, तीही प्रवरेवर. प्रकाशे तापीवर. बहाळ गिरणेवर. नाशिक गोदावरीवर. सोनगाव कऱ्हा-नीरेच्या संगमाजवळ. नकाशा काढला तर नद्यांच्या दोऱ्यात मणी ओवल्यासारखी गावं दिसतात.

असं का, याचं उत्तर बाईमाणसाला लगेच सुचतं. प्यायला पाणी, जनावराला पाणी. विहीर खोल खणायला पहार नाही, म्हणून वाहतं पाणी जवळ हवं. काठाची जमीन भुसभुशीत, लोखंडाच्या फाळाशिवायही हलवता येते. मडक्यांना माती तिथेच. काठाला झाडी, म्हणून सरपण आणि शिकार तिथेच. घराच्या कुडाला काटक्या आणि लिंपायला चिखल, तोही तिथेच.

पण नदी शेजारी असली म्हणून शेताला पाणी मिळत नाही. घोडनदी काही बारमाही दुथडी भरून वाहणारी नव्हे. पावसाळ्यात पूर, पुढे बारीक धार, उन्हाळ्यात डोह. आणि शिरूरचा भाग पर्जन्यछायेचा, म्हणजे पाऊस डोंगराच्या पलीकडेच रिकामा होणारा. ज्वारी-बाजरी निघेल एवढा पाऊस. गहू काढायचा तर जास्तीचं पाणी हवं.

इनामगावच्या लोकांनी मग काय केलं? सुमारे ३४०० ते ३००० वर्षांपूर्वीच्या काळात त्यांनी एक पाट खणला. उत्खननात तो सापडला आहे. लांबी सुमारे २०० मीटर, रुंदी ४ मीटर, खोली साडेतीन मीटर. जोडीला दगड-मातीचा लांबलचक बांध. पुराचं पाणी गावात घुसू द्यायचं नाही आणि ते वळवून शेतीकडे न्यायचं, अशी ही व्यवस्था असावी असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं आहे.

तुमच्यातल्या कितीतरी जणींनी रोजगार हमीवर माती उचलली आहे. तेव्हा आपण हिशेब करू. पाट सरळ चौकोनी धरला तर २०० गुणिले ४ गुणिले साडेतीन, म्हणजे २८०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे जवळजवळ १००० ब्रास माती. कुदळ नाही, फावडं नाही, घमेलं नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. लाकडाच्या टोकदार काठ्या, दगड आणि टोपल्या. एका घराचं हे काम नव्हे. चार भावांचंही नव्हे. आख्ख्या गावाने, एका हंगामात किंवा अनेक हंगामांत मिळून केलेलं काम आहे.

पुस्तकातल्या त्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला. नदीने माणसाला शहाणं केलं नाही. नदीचं पाणी एकट्याला घेता येत नव्हतं, म्हणून माणसांना एकत्र बसावं लागलं. कुणी किती दिवस खणायचं? ज्याच्या घरात आजारी आहे त्याने काय करायचं? पाणी आलं की आधी कुणाच्या रानात? बांध फुटला तर कुणी धावायचं? या प्रश्नांची उत्तरं ठरवल्याशिवाय पाट चालत नाही. आपण गट सुरू केला तेव्हा पहिल्या बैठकीत बचत किती, उशिरा आली तर दंड किती, कर्ज आधी कुणाला, यावर किती वाद झाला होता आठवा. तेच. फक्त पैशाच्या जागी पाणी.

कणगी कुणाच्या दारात

पाटाने गहू आला, जव आला. जव तर त्यांचं मुख्य धान्य. सोबत मसूर, वाटाणा, हुलगा. हुलगा म्हणजे कुळीथ, तो आपण आजही खातो. माझ्या आजीची हुलग्याची शेंगोळी ३००० वर्षं जुन्या वाणाची होती हे तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग त्यात काय!"

धान्य आलं की साठवण आली. इनामगावात एक पाच खोल्यांचं घर सापडलं. बाकीची घरं बहुतेक एका मोठ्या खोलीची, मध्ये कुडाची आडभिंत घातलेली. हे घर वेगळं, गावाच्या मधोमध. आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार, ज्यात जमिनीत बळदं आणि कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे. अभ्यासकांचा अंदाज असा की हे गावच्या प्रमुखाचं घर. लोकांनी पिकातला वाटा तिथे आणून द्यायचा, आणि अडीअडचणीला तो तिथून वाटायचा.

आता ही गोष्ट दोन बाजूंनी बघता येते. एका बाजूने बघितलं तर ही गावची धान्य बँक. वाईट वर्षात उपाशी कुणी राहू नये म्हणून केलेली तजवीज. आपल्यातल्या काही गटांनी धान्य बँका चालवल्या आहेत, त्यांना तिची किंमत ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूने बघितलं तर पाट सगळ्यांनी खणला आणि कणगी एकाच्या दारात गेली. कणगी ज्याच्या दारात, त्याचं घर पाच खोल्यांचं. त्याने ते न्यायाने वाटलंही असेल. तरी 'हात जोडून मागणारे' आणि 'काढून देणारा' असे दोन भाग गावात पडलेच.

या गावाचं सगळंच भरभराटीचं होतं असं समजू नका. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांना पुरलेलं सापडलं. दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत बाळ. अशी दफनं फार मोठ्या संख्येने आहेत. पोटचं पोर बाहेर लांब नेऊन ठेवलं नाही, राहत्या घरातच, उंबऱ्याच्या आत ठेवलं. गहू पिकवणाऱ्या, पाट खणणाऱ्या त्या गावातही लेकरं जगवणं इतकं कठीण होतं. एका घरात एक मातीची झाकणाची पेटीही सापडली. तिच्यात आणि तिच्यावर मातीच्या स्त्रीमूर्ती, सोबत बैल. वरच्या मूर्तीला शिर नाही. देवीच असावी असं अभ्यासक मानतात. कुठल्या संकटासाठी तिला पुजलं असेल, ते आपण आपापल्या मनाने समजावं.

गव्हाचा शेवट

सुमारे ३००० वर्षांपूर्वीपासून चित्र बदलायला लागतं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. मडकी ओबडधोबड होतात. गहू दिसेनासा होतो. गाईबैल कमी, शेळ्यामेंढ्या जास्त, आणि हरणाची शिकार वाढते. म्हणजे शेतावर भागत नव्हतं. पाऊस कमी होत गेला आणि दुष्काळामागून दुष्काळ पडले, असं ढवळीकरांनी मांडलं. सगळ्याच अभ्यासकांना एवढं एकच कारण पटत नाही, आणि ते बरोबरही आहे. कुठलंही गाव एकाच कारणाने उठत नाही.

लक्षात घेण्यासारखं हे की प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातली बरीच गावं त्याच सुमाराला ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात मात्र इनामगावसारखी गावं आणखी तीनेकशे वर्षं तगून राहिली, गरिबीत का होईना. शेवटी सुमारे २७०० वर्षांपूर्वी तेही गाव लोकांनी सोडलं. बहुधा शेळ्यामेंढ्या घेऊन भटकायला लागले. दुष्काळात बिऱ्हाड पाठीवर घेणं, ऊसतोडीला जाणं, पुण्या-मुंबईला जाणं आपल्याला नवं नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्या आपल्यात अजून आहेत.

फड

इनामगावच्या लोकांनी पाण्याचे काय नियम केले ते मातीत उरलेलं नाही. नियम दिसतात ते पुढे कितीतरी शतकांनी, धुळे-नाशिक भागात. पांझरा आणि मोसम या तापीच्या खोऱ्यातल्या नद्यांवर तीनशे-चारशे वर्षांपासून 'फड' पद्धत चालत आली. तिकडच्या मैत्रिणींनी आपल्या सासऱ्यांकडून ऐकली असेल. इतरांसाठी सांगते.

नदीवर दगडी बंधारा. त्यातून कालवा निघतो. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग. जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडम. भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग करायचे, त्या एकेका भागाला फड म्हणायचं. आणि नियम असा, की एका फडात एकच पीक. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात भुसार. पुढच्या वर्षी बदलायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा.

यातली खुबी बघा. एका फडात सगळ्यांचं एकच पीक असलं की सगळ्यांना पाणी सारखंच लागतं आणि एकाच वेळी लागतं. माझं जास्त, तुझं कमी हा वाद निघत नाही. आणि पाणी कोण देतं? शेतकरी स्वतः चारी फोडत नाही. गावाने नेमलेला पाटकरी सगळ्यांच्या रानात पाणी देतो. त्याच्यावर देखरेखीला हवालदार. पिकाची राखण करायला जागल्या. त्यांची मजुरी धान्यात, सगळ्यांनी मिळून द्यायची. रात्री दारं धरायला कुणाला नवऱ्याच्या मागे कंदील घेऊन जावं लागत नव्हतं.

ही पद्धत आता बऱ्याच ठिकाणी मोडली. नदीच्या वरच्या अंगाला मोठी धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपलं पीक आपल्या मर्जीने हवंसं झालं. मोटार ही मोठी सोय आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण मोटारीमुळे एक झालं, की शेजाऱ्याला न विचारता पाणी उपसता यायला लागलं.

घाट वरचा, घाट खालचा

नदीकाठच्या जुन्या गोष्टी सांगताना आपण घाट, मंदिरं, जत्रा यांचंच कौतुक करतो. पैठण, नाशिक, वाई, पंढरपूर, कराड ही सगळी नदीने वाढवलेली गावं. कोळी, भोई, कुंभार, परीट यांची पोटं नदीवर. हे सगळं खरं.

पण त्याच नदीवर पाणवठे वेगळे होते हेही खरं. वरच्या अंगाला उच्च मानलेल्या जातींचा घाट, आणि पाणी वाहत जातं त्या खालच्या अंगाला दलितांचा. काही गावांत तर पाण्याला हात लावायचीच बंदी. वाहतं पाणी कुणाचं नसतं असं म्हणणारे हे लोक! २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारो लोकांसह प्यायलं, ते यासाठी. ते तळं होतं, नदी नव्हती, पण प्रश्न तोच. पाणी समोर आहे, ते घ्यायचा हक्क कुणाला?

आणि बायकांना? आपल्या बहुतेक नद्यांची नावं बाईची. गोदावरी, कृष्णा, भीमा, इंद्रायणी, कऱ्हा. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की आपण तिची खणानारळाने ओटी भरतो. काठावर शेंदूर लावलेल्या साती आसरा असतात, बाळंतिणीचं, लेकराचं मागणं त्यांच्यापाशी. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि स्त्रीपण यावर आख्खं पुस्तक लिहिलं, ते १९९५ साली आलं. त्यासाठी त्या आपल्या नदीकाठांवर फिरल्या. नदीला आपण माहेरवाशीण म्हणतो, आई म्हणतो. पण पाणी कुणाला किती हे ठरवायला जेव्हा पार भरतो, तेव्हा ओटी भरणारी मागे पाणी शेंदत असते.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात, नायगावला एक वेगळा प्रयोग झाला. विलासराव साळुंखे हे इंजिनिअर आणि उद्योजक. त्यांनी 'पाणी पंचायत' सुरू केली. तोपर्यंत पाण्याचा हिशेब जमिनीवर व्हायचा, म्हणजे जास्त जमीन त्याला जास्त पाणी. पाणी पंचायतीने तो माणसांवर केला. घरात माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन कितीही असो. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही, कारण तो एकटाच सगळ्यांचं पाणी पितो. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः घालायचा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही.

माणशी म्हणजे बाईसुद्धा मोजली गेली, पाळण्यातलं पोरसुद्धा. इनामगावच्या कणगीपासून इथपर्यंत यायला किती काळ लागला बघा.

आता आजचं. आपल्याकडे २००५ साली कायदा झाला, त्याप्रमाणे कालव्याच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था होतात. पाण्याची पाळी, पाणीपट्टी, चारीची दुरुस्ती हे त्या संस्थेने बघायचं. पण सभासद कोण? ज्याच्या ताब्यात जमीन आहे, म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे तो. पेरणी तुम्ही करता, खुरपणी तुम्ही करता, पाळी चुकली की पीक वाळताना बघताही तुम्ही. सातबाऱ्यावर नाव नसेल तर त्या सभेत मत देता येत नाही. नवऱ्याची संमती असेल तर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. कागद काय लागतात ते गावच्या तलाठ्याकडे विचारा. काही जणी म्हणतील, "आमचे हे कुठं लावून देतात!" खरं आहे. पण विचारायला एकटीने जाऊ नका, पाचजणी मिळून जा. बँकेत पहिलं खातं उघडायला आपण पाचजणीच गेलो होतो.

नदी-ओढ्याचा विषय ग्रामसभेतही येतो. वाळू उपसा, ओढ्यावरचे बंधारे, गाळ काढणं, पिण्याच्या पाण्यासाठी डोह राखून ठेवणं, सगळं तिथेच. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हा नियम आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर होते, म्हणजे सह्या घरोघरी फिरून घेतात. सही करण्याआधी विषय काय आहे ते वाचून घ्या. नदीचा विषय त्यात नसेल तर लिहायला सांगा.

गटात बोलण्यासाठी

पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करायचं आहे. गावातल्या सगळ्यांत वयस्कर तीन आज्यांकडे जायचं आणि विचारायचं, "तुम्ही लग्न होऊन या गावात आलात तेव्हा आपल्या नदीला किंवा ओढ्याला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असायचं? पाणवठा कुठे होता, कुणाकुणाचा होता? कुठला डोह कधीच आटायचा नाही?" त्या सांगतील ते गटाच्या वहीत लिहायचं, आणि आज पाणी कुठल्या महिन्यात संपतं ते शेजारच्या रकान्यात. मध्ये काय काय झालं यावर बैठकीत बोलायचं. ऊस किती वाढला, बोअर किती झाले, वाळू किती गेली, गाळ किती साठला.

दुसरा प्रश्न असा. उद्या आपल्या गावच्या ओढ्यावर बंधारा झाला आणि त्याच्या पाण्याचे नियम करायला तुम्हालाच बसवलं, तर पाणी जमिनीवर वाटाल, घरावर की माणसांवर? ज्यांच्याकडे जमीन नाही पण चार शेळ्या आणि परसातला भाजीपाला आहे त्यांना किती? ऊस लावू द्याल का? नियम मोडणारा तुमचाच दीर निघाला तर दंड कोण वसूल करेल?

मागे एका बैठकीत हा शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा अर्धा तास कुणी उठलं नाही, आणि चहा गार झाला. तुमच्याकडे काय ठरलं ते अध्यक्ष-सचिवांनी चार ओळींत लिहून महासंघाच्या कार्यालयात पाठवावं. पुढच्या अंकात छापू.